बाळाचं पोट फुगतंय, शी होत नाही: आतड्यात 'नसलेल्या' पेशी डॉक्टर शोधतात तरी कशा?

बाळ जन्माला आलं की दवाखान्याच्या व्हरांड्यात थांबलेली मंडळी ठरलेले प्रश्न विचारतात. रडलं का? वजन किती भरलं? दूध ओढतंय का? 'पहिली शी झाली का' हे मात्र बहुतेक वेळा आजीच विचारते आणि बाकीचे 'होईल हो' म्हणून सोडून देतात. या एका बाबतीत आजीचं ऐकायला हवं.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली शी, म्हणजे ती काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी, बहुतेक वेळा २४ तासांच्या आत होते. ४८ तासांपर्यंत जवळपास सगळ्यांनाच झालेली असते. ४८ तास उलटले, पोट टम्म झालं आणि बाळ हिरवी उलटी करायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञांच्या डोक्यात ज्या चार-पाच आजारांची नावं येतात त्यातलं एक म्हणजे हर्शस्प्रंग. हा जन्मजात आजार आहे. यात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात.

दर ५,००० जन्मांमागे साधारण एका बाळाला हा आजार असतो, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा तीन-चार पट जास्त. '५,००० मध्ये एक' ऐकून आपण पुढे स्क्रोल करतो, म्हणून एका जिल्ह्याचा हिशेब मांडून बघू. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर वर्षाला १८ हजार बाळं. म्हणजे जिल्ह्यात वर्षाकाठी तीन-चार बाळांना हा आजार असणार. सात तालुक्यांत वाटले, तर मोहाडीच्या वाट्याला दोनेक वर्षांत एखादं बाळ. हा फक्त अंदाज आहे, पण त्यातून खरी अडचण कळते. तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने अख्ख्या नोकरीत असं बाळ एकदाच पाहिलेलं असू शकतं, किंवा एकदाही नाही. आणि ते एक बाळ ओळखायला उशीर झाला, तर जीवावर बेतू शकतं.

शेवटच्या शेतापर्यंत पाणीच गेलं नाही

आपल्या आतड्याला स्वतःची अशी चेतासंस्था असते. भिंतीच्या थरांमध्ये चेतापेशींचे छोटे छोटे पुंजके असतात, त्यांना गँग्लिऑन पेशी म्हणतात. आतड्याने कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं हे त्या ठरवतात. आपण झोपलेलो असतानाही जेवण पुढे सरकत राहतं ते त्यांच्यामुळे.

या पेशी आतड्यात जन्मत नाहीत, तिथे चालत येतात. गर्भाच्या पाचव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत त्या वरून खाली, अन्ननलिकेकडून गुदद्वाराकडे सरकत जातात. मोहाडी-तुमसर पट्ट्यात ज्यांनी बावनथडीच्या कालव्याचं पाणी पाहिलंय, त्यांना 'टेल'चा शेतकरी म्हणजे काय हे सांगायला नको. पाणी वरून सुटतं, मध्येच कुठेतरी थांबतं आणि शेवटचं शेत कोरडं राहतं. इथेही तसंच होतं. पेशींचा प्रवास मध्येच थांबला, की तिथून खालचा सगळा भाग पेशींविना राहतो. म्हणून हा आजार कायम खालच्या टोकापासून सुरू होतो आणि कमी-जास्त उंचीपर्यंत वर जातो. दहापैकी साधारण आठ बाळांमध्ये तो मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणापर्यंतच असतो. काहींमध्ये मात्र अख्खं मोठं आतडं कोरडं असतं.

पेशी नसलेला भाग सैल पडतच नाही, आवळलेलाच राहतो. शी आणि हवा त्याच्या वर अडून बसतात. वरचा भाग जोर लावून लावून फुगत जातो.

इथे एक मेख आहे. पोट उघडलं तर डोळ्यांना भलंमोठं फुगलेलं आतडं दिसतं आणि त्याच्या खालचा भाग अगदी साधा, बारीक दिसतो. आजारी कुठला वाटेल? अर्थातच फुगलेला. हॅराल्ड हर्शस्प्रंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञांनाही तेच वाटलं होतं. १८८६ मध्ये त्यांनी बर्लिनच्या परिषदेत अशा दोन बाळांची माहिती मांडली. त्यांचं नाव आजाराला मिळालं, पण दोष फुगलेल्या भागातच आहे असं पुढची कित्येक दशकं मानलं गेलं आणि कापून काढला जायचा तोही फुगलेलाच भाग, म्हणजे निरोगी आतडं. खालच्या भागात चेतापेशी नाहीत अशी निरीक्षणं १९०१ पासून अधूनमधून छापून येत होती, पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत त्याचा अर्थ पोहोचला नव्हता. १९४८ मध्ये बॉस्टनचे सर्जन ऑर्व्हर स्वेन्सन आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर बिल यांनी उलट वाट धरली. पोटावर शीसाठी तात्पुरता मार्ग काढला की मुलं सुधारतात आणि तो बंद केला की पुन्हा आजारी पडतात, हे स्वेन्सन यांच्या लक्षात आलं होतं. मग अडथळा त्या मार्गाच्या खाली असणार! त्यांनी खालचा साधा दिसणारा भाग काढला, वरचं आतडं खाली ओढून जोडलं, आणि मुलं बरी झाली.

डोळ्यांना जे निरोगी दिसतं तेच आजारी असतं, त्यामुळे या आजाराचा शेवटचा निकाल डोळ्यांवर सोडता येत नाही. तो मायक्रोस्कोपखालीच लागतो.

विड्याच्या पानाचा देठ

बायोप्सीकडे जाण्याआधी घरातल्या एका उपायाबद्दल बोलायला हवं, कारण निदानाला उशीर होण्याचं ते एक कारण ठरू शकतं.

बाळाला दोन दिवस शी झाली नाही की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात किंवा खोबरेल तेलात बुडवून गुदद्वाराशी फिरवायचा, हे महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. काही ठिकाणी साबणाची बारीक कांडी वापरतात. आणि बऱ्याचदा शी होते! हर्शस्प्रंग असलेल्या बाळालाही होते, कारण आवळलेल्या भागाला बाहेरून चेतवलं की क्षणभर वाट मोकळी होते आणि अडकलेली हवा आणि शी एकदम जोरात बाहेर येते. पोट उतरतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा देठ. असे आठवडे, कधी महिने जातात. देठाने शी झाली म्हणजे आजार नाही, असं अजिबात नाही. उलट प्रत्येक वेळी देठ किंवा एनिमा लागतोय, ही गोष्टच डॉक्टरांना आवर्जून सांगायची आहे. (नाजूक जागी इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर हा उपाय करू नका असंच सांगतात.)

आता घाबरून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ महिना-दीड महिन्याचं झालं की तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. पोट मऊ असेल, वजन वाढत असेल, शी सैल होत असेल आणि पहिली काळी शी वेळेत झालेली असेल, तर हे बहुतेक वेळा नॉर्मल असतं. संशयाची बाळं वेगळी असतात. त्यांची पहिली शी उशिरा झालेली असते, पोट वारंवार गच्च होतं, वजन वाढत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्येही हा आजार जास्त आढळतो.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा

संशय आला की आधी एक्सरे निघतो. मग गुदद्वारातून औषध सोडून फोटो काढतात, त्याला कॉन्ट्रास्ट एनिमा म्हणतात. बारीक भाग कुठे संपतो आणि फुगलेला कुठे सुरू होतो हे त्यात दिसू शकतं. पण अगदी नवजात बाळात आतडं फुगायला अजून वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे फोटो साफ आला तरी आजार नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. निकाल लागतो तो बायोप्सीने.

'बायोप्सी' शब्द ऐकला की आपल्याकडे लोक कॅन्सरच धरतात. इथे त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही. गुदद्वाराच्या आतून, अस्तराचा एक छोटा तुकडा घ्यायचा आणि त्यात चेतापेशी आहेत का ते बघायचं, एवढंच. सुरुवातीला यासाठी बाळाला भूल देऊन भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा कापावा लागायचा. १९६० च्या दशकात हवेच्या ओढीने तुकडा घेण्याची पद्धत आली आणि १९६९ मध्ये हेलन नोब्लेट यांनी त्यासाठी खास उपकरण बनवलं. बारीक नळी, तिच्या बाजूला छिद्र. हवा ओढली की अस्तर त्या छिद्रात शिरतं आणि आतलं पातं तुकडा कापतं. त्या जागी वेदना कळवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे नवजात बाळाला भूल लागत नाही, टाके लागत नाहीत. थोडं रक्त जाऊ शकतं. आतड्याला भोक पडणं फार क्वचित घडतं, तरी नंतर बाळावर लक्ष ठेवतात. मोठ्या मुलांचं अस्तर जाड असतं, त्यांच्यासाठी मात्र भूल देऊनच तुकडा घेणं जास्त खात्रीचं.

तुकडा दिसायला तांदळाच्या दाण्याएवढा. पण तो कुठून घेतला यावर सगळं अवलंबून आहे. गुदद्वाराच्या अगदी जवळच्या पट्ट्यात निरोगी बाळातही या पेशी कमीच असतात. तिथला तुकडा घेतला तर धडधाकट बाळावरही आजाराचा शिक्का बसेल. म्हणून गुदद्वाराच्या आतल्या ठरलेल्या रेषेपासून साधारण दोन-तीन सेंटीमीटर वरून तुकडे घेतात. फार वर गेलं तर उलटा धोका. आजाराचा छोटा पट्टा खालीच राहून जातो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो.

खोलीचंही तसंच आहे. चेतापेशी वरच्या अस्तरात नसतात, त्याखालच्या थरात असतात. तुकड्यात तो खालचा थर पुरेसा आला नाही, तर पॅथॉलॉजिस्ट लिहितात: 'नमुना अपुरा'. मग पुन्हा बायोप्सी. हे ऐकून पालक चिडतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण 'अपुरा' लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिक असतो. अपुऱ्या तुकड्यावरून 'पेशी नाहीत' असं लिहून टाकलं असतं, तर बाळाचं नको ते ऑपरेशन झालं असतं.

जे नाही ते नाही, हे सिद्ध कसं करायचं?

मला या विषयातला सगळ्यात रोचक भाग हाच वाटतो. बहुतेक आजारांत पॅथॉलॉजिस्ट काहीतरी शोधतात, जंतू किंवा बिघडलेली पेशी. इथे एखादी गोष्ट नाही याची खात्री करायची असते. एक गँग्लिऑन पेशी नक्की दिसली तरी त्या जागी आजार नाही, विषय संपला. दिसली नाही, तर? कदाचित ती पुढच्या कापात असेल. म्हणून मेणात बसवलेल्या त्या इवल्याशा तुकड्याचे कागदाहून पातळ काप एकामागून एक काढत जातात, कित्येकदा शंभराच्या आसपास, आणि प्रत्येक काप मायक्रोस्कोपखाली तपासतात.

त्यात नवजात बाळाच्या या पेशी अजून पिकलेल्या नसतात. मोठ्या माणसात त्या ठसठशीत दिसतात, बाळात छोट्या असतात आणि शेजारच्या दुसऱ्या पेशींसारख्याच भासतात. रोज अशा स्लाइड न पाहणाऱ्याची नजर सहज चुकू शकते. म्हणून एक जोड-पुरावाही बघतात. पेशी नसलेल्या भागात बाहेरून आलेल्या चेतातंतूंचे दोर जाडजूड झालेले असतात. पेशी नाहीत आणि दोर जाड आहेत, असं दोन्ही दिसलं की संशय पक्का होत जातो.

मदतीला खास रंगही आहेत. १९७२ मध्ये मायर-रुगे आणि सहकाऱ्यांनी ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्याला रंगवणारी पद्धत या आजारासाठी मांडली. आजारी भागात या द्रव्याने भरलेले तंतू अस्तरात माजतात आणि तपकिरी जाळ्यासारखे दिसतात. पद्धत चांगली, पण अट अशी की तुकडा ताजा हवा आणि लगेच गोठवलेला हवा. फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की ही तपासणी गेली. म्हणजे बायोप्सी जिथे होते तिथेच, त्याच इमारतीत, अशी प्रयोगशाळा हवी. मोठ्या शहरांबाहेर हे जमणं कठीणच.

गेल्या वीसेक वर्षांत कॅलरेटिनिन नावाच्या प्रथिनाची तपासणी रूढ झाली आणि माझ्या मते भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांसाठी ती जास्त मोलाची आहे. निरोगी आतड्यात हे प्रथिन चेतापेशींमध्ये असतं आणि अस्तरापर्यंत पोहोचणाऱ्या त्यांच्या बारीक धाग्यांमध्येही असतं. धागे रंगले, तर पेशी जवळपास आहेत. धागे अजिबात रंगले नाहीत, तर पेशी नाहीत. तुकड्यात खालचा थर थोडा कमी आला तरी वरच्या धाग्यांवरून बरंच कळतं. आणि मुख्य म्हणजे ही तपासणी फॉर्मॅलिनमधल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यावर होते. तुकडा प्रवास करू शकतो. गरज पडली तर तो मेणाचा ब्लॉक नागपूरला, मुंबईला दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवता येतो. आजारी बाळाला घेऊन फिरण्यापेक्षा ब्लॉकने फिरलेलं बरं.

सगळीच उत्तरं इतकी सरळ नसतात. काही मुलांमध्ये पेशी असतात पण फारच कमी, काहींमध्ये पुंजके नेहमीपेक्षा मोठे आणि जास्त असतात. या दुसऱ्या प्रकाराला वेगळा आजार म्हणायचं की नाही यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहेत. अशा वेळी एका छोट्या तुकड्यावर घाईने निर्णय घेत नाहीत.

मोहाडीतून वाट कशी जाते?

समजा बाळंतपण मोहाडी तालुक्यातल्याच सरकारी दवाखान्यात झालं. नॉर्मल बाळंतपणानंतर ४८ तास थांबणं अपेक्षित असतं, पण घरची कामं, धानाची रोवणी, दुसरं लहान लेकरू अशा कारणांनी अनेक बाया आधीच घरी जातात. नेमके तेच ४८ तास इथे महत्त्वाचे असतात. घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पूर्व विदर्भातल्याच गडचिरोलीत उभी केली आणि पुढे ती देशभर गेली. फुगलेलं पोट आणि वारंवार उलटी ही आशाताईंच्या तपासणीतली धोक्याची लक्षणं आहेत. त्या विचारतील तेव्हा 'पहिली शी कितव्या तासाला झाली' हेही सांगा.

शाळा-अंगणवाडीत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष वगैरे. हर्शस्प्रंग त्यात नाही. तेव्हा ते पथक आपोआप पकडेल या भरवशावर राहू नका.

मोहाडीहून भंडारा वीसेक किलोमीटर, तिथून नागपूर आणखी साठ-पासष्ट. भंडाऱ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं. कॉलेज म्हटलं की पॅथॉलॉजी विभाग आला, पण या स्लाइड वाचायला सरावलेली नजर तयार व्हायला वेळ लागतो. तोवर आणि शस्त्रक्रियेसाठीही बहुतेकांची वाट नागपूरलाच जाते, जिथे मेडिकल, मेयो आणि एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. आयुष्मान भारतच्या पॅकेज यादीत या आजाराची बायोप्सी आणि शस्त्रक्रिया दोन्ही आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

ताप, फुगलेलं पोट आणि पिचकारीसारखी घाण वासाची पातळ शी एकत्र दिसली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. आतड्याला सूज येऊन जंतुसंसर्ग पसरत असल्याची ती खूण असू शकते आणि या आजारात बाळं दगावतात ती मुख्यतः याच कारणाने. पातळ शी होतेय म्हणजे अडथळा सुटला, असा गैरसमज इथे फार महागात पडतो. हिरवी उलटीही तशीच, लगेच निघायचं.

ऑपरेशन टेबलवरही पॅथॉलॉजिस्ट

निदान पक्कं झालं की पेशी नसलेला भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली ओढून जोडतात. १९९८ पासून हे काम, आजार छोट्या भागात असेल तर, पोटावर काप न घेता गुदद्वारातूनच करायची पद्धतही रुजली आहे. बाळ फार आजारी असेल तर आधी पोटावर शीसाठी तात्पुरता मार्ग काढतात. ती हार समजू नका, बाळाला वजन धरायला मिळालेली उसंत असते.

पण कापायचं कुठे? पुन्हा तोच प्रश्न, डोळ्यांवर विश्वास नाही. म्हणून ऑपरेशन चालू असताना वेगवेगळ्या उंचीवरून तुकडे घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे ते तिथल्या तिथे गोठवून, काप काढून बघतात आणि 'इथे पेशी आहेत' असा निरोप येईपर्यंत सर्जन थांबतात. निरोगी आणि आजारी भागाच्या मध्ये एक सरमिसळ पट्टा असतो. तिथे जोड दिला तर मुलाचा त्रास पुढेही चालू राहू शकतो. त्यामुळे नागपूरला जाताना 'इथे मुलांची आतड्याची ऑपरेशनं होतात का' एवढंच विचारून भागत नाही. 'ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासायची सोय आहे का' हेही विचारा. डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

ऑपरेशननंतर बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात. काहींना बद्धकोष्ठ किंवा शीवर ताबा नसण्याचा त्रास काही वर्षं राहतो, त्यासाठी औषधं आणि सवयी लावाव्या लागतात. आतड्याच्या सुजेचा धोका ऑपरेशननंतरही असतो, म्हणून वरची धोक्याची लक्षणं आजी-आजोबांनाही सांगून ठेवायची.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट, शक्य असेल तर स्लाइडचे नंबरही, फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे त्रास झाला तर त्याच जुन्या स्लाइड पुन्हा बघता येतात. या आजारात अनुवंशिकतेचा भाग असतो आणि भावंडांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून पुढच्या बाळंतपणाला जाताना ती फाइल सोबत न्या आणि नर्सताईंना पहिल्याच दिवशी सांगा: आधीच्या बाळाला हर्शस्प्रंग होता, या बाळाच्या पहिल्या शीची वेळ लिहून ठेवा.